दर उन्हाळ्यात तापणारा प्रोसेसर: ग्वाल्हेरच्या खोलीसाठी एअर कूलर कसा निवडावा

तक्रार साधारण एकाच स्वरूपाची असते. डेस्कटॉप संगणक ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत विनातक्रार चालतो, एप्रिलच्या उत्तरार्धात त्याच्या पंख्याचा आवाज वाढू लागतो आणि नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू होईपर्यंत व्हिडिओ एक्स्पोर्ट करणे, मोठी एक्सेल फाइल उघडणे किंवा एखादा गेम खेळणे कठीण होऊन बसते. मग दुकानदाराला बोलावले जाते, तो थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि त्यावरचा कूलर यांमधला उष्णता वाहून नेणारा लेप) बदलतो, आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पुढच्या वर्षी मे महिन्यात हेच नाटक नव्याने सुरू होते आणि त्या वेळी कोणीतरी सल्ला देते की, ‘आता मोठा कूलर घेऊन टाका.’ हा सल्ला कधी बरोबर असतो, कधी निव्वळ रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला अशा जातीचा असतो. तो कोणत्या जातीचा आहे हे खरेदीपूर्वीच कळू शकते आणि त्यासाठी लागणारी साधने बहुतेक घरांत असतात किंवा शे-दोनशे रुपयांत मिळतात.

एक खुलासा आधीच करतो. आपल्याकडे कूलर म्हटले की खिडकीतला पाण्याचा कूलर डोळ्यांसमोर येतो. येथे मात्र केवळ ‘कूलर’ म्हटले असेल तेथे प्रोसेसरवरचा, म्हणजे धातूच्या पातळ फिन आणि पंखा असलेला एअर कूलर समजावा. दुसऱ्याचा उल्लेख ‘पाण्याचा कूलर’ असाच करेन, कारण या विषयात त्याचाही वाटा आहे.

तापमान एकटे काही सांगत नाही

एअर कूलर प्रोसेसरला थंड करतो असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात तो प्रोसेसरची उष्णता आजूबाजूच्या हवेत सोडतो. त्यामुळे प्रोसेसर त्या हवेपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. तो हवेपेक्षा किती अंश अधिक गरम राहील, एवढेच कूलरच्या हातात असते. हा फरक ढोबळमानाने प्रोसेसर खात असलेल्या विजेच्या प्रमाणात वाढतो. म्हणून कूलरची खरी ओळख ‘प्रति वॅट किती अंश’ या एका आकड्यात होते. शंभर वॅटला पन्नास अंशांचा फरक पडत असेल, तर आकडा ०.५; चाळीस अंशांचा पडत असेल, तर ०.४. आकडा जितका लहान, तितका कूलर चांगला.

ग्वाल्हेरसाठी हे गणित विशेष महत्त्वाचे आहे. आपल्याकडे जानेवारीत सकाळी पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो आणि मे-जूनमध्ये पंचेचाळीसपर्यंत, कधी त्याही पलीकडे जातो. बाहेरचे हे टोक खोलीत तंतोतंत येत नसले, तरी हिवाळ्यातील सोळा अंशांची खोली आणि उन्हाळ्यातील एकोणचाळीस अंशांची खोली यांत तेवीस अंशांचे अंतर आहे. कूलर तोच, प्रोसेसर तोच, काम तेच. तरीही जानेवारीत ६८ अंश दाखवणारा संगणक मे महिन्यात ९१ दाखवणार आणि त्यात कोणाचाही दोष नसणार.

परदेशी चाचण्या वाचून कूलर निवडणाऱ्यांची गफलत येथेच होते. त्या चाचण्या बहुधा वीस ते पंचवीस अंशांच्या वातानुकूलित खोलीत केलेल्या असतात. प्रोसेसरला नव्वद अंशांच्या आत ठेवायचे असे धरले, तर तेवीस अंशांच्या खोलीत कूलरला ६७ अंशांची मोकळीक मिळते. आपल्या एकोणचाळीस अंशांच्या खोलीत ती ५१ वर येते. म्हणजे चाचणीत १८० वॅट सांभाळणारा कूलर आपल्याकडे उन्हाळ्यात जेमतेम पाऊणपट, सुमारे १३५ वॅट सांभाळेल. खोक्यावर छापलेला ‘२२० वॅट’ किंवा ‘२६० वॅट’ हा आकडा तर त्याहूनही कमी कामाचा, कारण तो मोजण्याची सर्व कंपन्यांना बांधील अशी एक पद्धत नाही.

आधी मोजणी

एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्रॅम उतरवून घ्यावा. त्यात तीन गोष्टी पाहायच्या आहेत: प्रोसेसरचे पॅकेज तापमान, पॅकेज पॉवर म्हणजे प्रत्यक्ष खर्च होणारे वॅट, आणि घड्याळाचा वेग (क्लॉक स्पीड), म्हणजे प्रोसेसरच्या कामाची गती. एएमडीच्या प्रोसेसरवर वॅटचा आकडा पीपीटी या नावाखाली सापडेल. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचे तापमान दिसत नाही. त्यात तापमान दिसलेच तर ते ग्राफिक्स कार्डाचे असते आणि त्यावरून निष्कर्ष काढल्यास सगळेच चुकते. प्रोसेसरवर भार टाकण्यासाठी सिनेबेंच आर२३ या प्रोग्रॅममधली दहा मिनिटांची चाचणी पुरेशी आहे. सोबत एक साधे डिजिटल थर्मामीटर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, जेथून हवा आत जाते तेथे ठेवावे. खोलीच्या भिंतीवरचे तापमान नको, कॅबिनेटच्या तोंडाशी असलेले हवे.

चाचणी दुपारी न करता रात्री आठ-नऊच्या सुमारास करावी असे मी सुचवेन. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील जुन्या घरांच्या वरच्या मजल्यावर छताला दगडी पटिया, म्हणजे लांब लाद्या असतात. दिवसभर तापलेला दगड आपली उष्णता खोलीत सोडतो तो संध्याकाळनंतर. बाहेर हवा उतरू लागलेली असते आणि आत मात्र पंख्याखालीही घाम फुटत असतो. ‘दुपारी ठीक चालतो, रात्रीच अडतो’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या संगणकात बिघाड शोधण्यापूर्वी छताकडे एकदा पाहायला हवे.

दहा मिनिटे संपता संपता जे आकडे दिसतील ते टिपून घ्यावेत. प्रोसेसरच्या तापमानातून तोंडाशी असलेल्या हवेचे तापमान वजा करावे आणि उत्तराला वॅटने भागावे. आपल्या संगणकाचा आकडा तो हाच.

हा भागाकार का करायचा, तर प्रोसेसर कमाल मर्यादेला पोहोचल्यावर तापमान खोटे बोलू लागते. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश आहे, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील बहुतेकांची ९५. तेथे पोहोचताच प्रोसेसर स्वतःचा वेग आणि वॅट कमी करून त्या मर्यादेवर स्थिर राहतो. आपण काही सुधारणा केली, तरी तापमान १०० च्या १०० वरच दिसते आणि माणसाला वाटते की काहीच उपयोग झाला नाही. वस्तुतः सुधारणा वॅटमध्ये उमटलेली असते.

जनकगंजातील एका नातेवाइकांच्या घरचे उदाहरण देतो. लग्नाचे व्हिडिओ संपादित करण्यासाठी त्यांनी कोअर आय७-१२७०० घेतला होता, त्यावर सोबत मिळालेला स्टॉक कूलर होता आणि कॅबिनेट संगणकाच्या टेबलाखाली त्यासाठीच केलेल्या लाकडी कप्प्यात ठेवलेले होते. कप्प्याला मागे प्लायवूड आणि पुढे छोटे दार. खोलीत ३७ अंश, पण कॅबिनेटच्या तोंडाशी ४६. मागून निघालेली गरम हवा कप्प्यातच फिरून पुढून पुन्हा आत जात होती. प्रोसेसर १०० अंशांवर आणि वॅट ९५. आकडा झाला ०.५७. कॅबिनेट कप्प्यातून काढून टेबलाशेजारी एका पाटावर ठेवले. तोंडाशी ३८ अंश झाले, प्रोसेसर पुन्हा १०० वरच, पण वॅट १०९ वर गेले. आकडा बदलला नाही, कारण कूलर तोच होता. परंतु एक पैसाही खर्च न होता प्रोसेसरला पूर्वीपेक्षा जास्त काम करता येऊ लागले. येथे मोठा कूलर लागणारच होता. तो कप्प्यात बसवला असता, तर निम्मा फायदा प्लायवूडने खाल्ला असता.

आकड्यांवरून निदान

आता तापमान कसे चढते तेही पाहावे, कारण त्याची गती बरेच काही सांगून जाते. भार टाकताच तीन-चार सेकंदांत तापमान नव्वदीपार गेले आणि वॅट मात्र साठ-सत्तरच असतील, तर उष्णता प्रोसेसरमधून कूलरच्या तळापर्यंतच पोहोचत नाही असे समजावे. संपर्क बिघडला आहे. इंटेलच्या स्टॉक कूलरला प्लॅस्टिकच्या चार खिट्ट्या असतात आणि त्यांतली एखादी अर्धवट बसलेली किंवा सैल पडलेली असणे ही सर्वांत जास्त आढळणारी गोष्ट आहे. मदरबोर्डाच्या मागच्या बाजूने पाहिल्यास चारही खिट्ट्यांची टोके सारखीच बाहेर आलेली दिसली पाहिजेत. दुसरे कारण म्हणजे वाळलेली किंवा मधून सरकून कडेला गेलेली थर्मल पेस्ट. तिसरे कारण सांगताना संकोच वाटतो, पण ते घडते: नव्या कूलरच्या तळाला लावलेली पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म न काढताच तो बसवलेला असतो.

याला एक अपवाद आहे. रायझन ७००० मालिकेतील जास्त वॅटचे प्रोसेसर आणि इंटेलचे नावात शेवटी के अक्षर असलेले प्रोसेसर पूर्ण भाराखाली काही क्षणांत मर्यादेला टेकतात, कारण ते जितकी वीज मिळेल तितकी घेण्याच्या बेताने बनवले आहेत. रायझन ७००० भाराखाली ९५ अंशांवर चालणे अपेक्षितच आहे असे एएमडीने स्वतः सांगितलेले आहे. तेथे वॅटचा आकडा पाहूनच निर्णय करावा. सत्तर वॅटला ९५ असेल, तर संपर्क बिघडलेला. २०० वॅटला ९५ असेल, तर तक्रारीला जागा नाही.

तापमान सावकाश, आठ-दहा मिनिटांत चढत गेले असेल, तर संपर्क ठीक असून हवा कमी पडते आहे. अशा वेळी कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढून तीच चाचणी पुन्हा करावी. आकडा लक्षणीय घटला, म्हणजे ०.५ चा ०.४२ वगैरे झाला, तर दोष कॅबिनेटचा आहे: पुढे जाळीऐवजी सपाट काच, पंखा एकच आणि तोही उलटा बसवलेला, किंवा फिल्टरवर धुळीचा थर. झाकण काढूनही आकडा तसाच राहिला, तर कूलरच अपुरा आहे अथवा त्याच्या फिन धुळीने बुजल्या आहेत.

धुळीबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण दर वर्षीच्या त्या ‘पेस्ट बदलण्या’चे रहस्य तिच्यात आहे. उन्हाळ्यात वाहणाऱ्या लूबरोबर जी बारीक माती येते ती पंख्याच्या पात्यांवर कमी आणि पंख्यामागे फिनच्या तोंडावर जास्त साठते. वरून पाहिले तर पंखा स्वच्छ दिसतो. पंखा काढला की खाली करड्या रंगाचा, बोटाने पापुद्र्यासारखा सोलून निघणारा थर असतो. दुकानदार पेस्ट बदलण्यासाठी कूलर काढतो, ओघाने ब्लोअर मारतो, थर उडतो आणि संगणक सुधारतो. श्रेय मात्र पेस्टला मिळते. चांगली पेस्ट वर्षानुवर्षे टिकते. दर वर्षी ती बदलावी लागत असेल, तर पेस्ट सोडून दुसरीकडे पाहावे.

पाण्याच्या कूलरचे दोन्ही बाजूंनी सांगता येते. कोरड्या मे महिन्यात तो खोलीचे तापमान चांगलेच उतरवतो आणि त्या प्रमाणात प्रोसेसरही उतरतो, त्यामुळे त्याचा उपयोग जरूर करावा. पण त्याचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये. झोताबरोबर येणाऱ्या ओलाव्याने धूळ फिनला चिकटून बसते, मग ती ब्लोअरने उडत नाही, ब्रशने खरवडावी लागते. आणि पाण्यातील क्षार पांढऱ्या डागांच्या रूपाने धातूवर दिसू लागतात. जुलैत हवा दमट झाली की पाण्याच्या कूलरने खोली फारशी थंड होत नाही, त्यामुळे ‘पाऊस पडला तरी संगणक तापतोच’ असे म्हणणाऱ्यांचे निरीक्षण चुकीचे नसते. दमटपणाने प्रोसेसर तापत नाही, खोलीचे तापमान उतरत नाही म्हणून तो तापतो. प्रोसेसरवर दव जमेल ही भीती मात्र अनाठायी आहे. खोलीपेक्षा गरम असलेल्या वस्तूवर दव जमत नाही.

संगणक एकाएकी बंद पडत असेल, तर तो प्रश्न बहुधा निराळा असतो. आजचा प्रोसेसर आधी वेग कमी करतो, आणि त्याने भागलेच नाही तरच यंत्र बंद करतो. पंखा थांबला किंवा कूलर सुटला तर तसे होते. एचडब्ल्यूइन्फोमध्ये ७५ अंश दिसत असताना संगणक झटक्यात बंद झाला, तर एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा भाग), यूपीएसची जुनी बॅटरी किंवा घरातला विजेचा दाब यांची तपासणी करावी. उन्हाळ्यात गल्लीभर एसी सुरू असताना दाब घसरतो, यूपीएस बॅटरीवर जाते, बॅटरी भार पेलत नाही आणि दोष प्रोसेसरच्या कपाळी येतो. अशा घरात कितीही भारी कूलर आणला, तरी काहीही बदलणार नाही.

कूलर घ्यायचाच असेल तर

वरील सर्व पाहूनही आकडा समाधानकारक नसेल, तर खरेदीचा विचार करावा. सुरुवात प्रोसेसरच्या कमाल वॅटपासून करावी. खोक्यावरच्या मूळ टीडीपीपासून, म्हणजे कंपनीने छापलेल्या वॅटपासून करू नये. इंटेलच्या आय५-१२४०० आणि आय७-१२७०० या दोघांवरही ६५ वॅट लिहिलेले आहे, परंतु टर्बोमध्ये, म्हणजे प्रोसेसर वेग वाढवतो तेव्हा, पहिल्याची मर्यादा ११७ आणि दुसऱ्याची १८० वॅट आहे. एएमडीकडे ६५ वॅटच्या रायझन ५ ५६००एक्सची खरी मर्यादा ७६ वॅट, १०५ वॅटच्या रायझन ७ ५८००एक्सची १४२ आणि १७० वॅटच्या रायझन ९ ७९५०एक्सची २३० वॅट आहे.

नंतर उलटा भागाकार करावा. खोली ३९ अंश आणि प्रोसेसर ९० च्या आत हवा, तर ५१ ला वॅटने भागावे. १८० वॅटसाठी ०.२८ येते, १२५ वॅटसाठी ०.४१. चार हीटपाइपचा (हीटपाइप म्हणजे तळाची उष्णता फिनपर्यंत नेणारी नळी), १२० मिमी पंख्याचा एकेरी टॉवर कूलर, म्हणजे फिनचा एकच उभा गठ्ठा असलेला कूलर, बऱ्यापैकी हवेशीर कॅबिनेटमध्ये ढोबळमानाने ०.३५ ते ०.४ पर्यंत पोहोचतो. सहा हीटपाइपचा, असे दोन गठ्ठे असलेला दुहेरी टॉवर ०.३ च्या आसपास. म्हणजे १२५ वॅटला एकेरी टॉवर पुरतो आणि १८० वॅटला दुहेरी टॉवरही काठावर येतो. २५३ वॅटपर्यंत जाणाऱ्या आय९-१३९००के सारख्या प्रोसेसरसाठी हा भागाकार ०.२ वर येतो आणि आपल्या उन्हाळ्यात कोणताही एअर कूलर तेथे पोहोचणार नाही. त्याला वॅटची मर्यादा घालण्यावाचून गत्यंतर नाही.

उलट आय५-१२४०० चे मालक बरेचदा विनाकारण घाबरलेले असतात. दैनंदिन कामात हा प्रोसेसर ११७ वॅटपर्यंत क्वचितच जातो आणि दीर्घ भारातही सत्तर-पंचाहत्तर वॅटच्या आसपास राहतो. ७५ वॅट आणि ०.५७ चा स्टॉक कूलर धरला, तरी ३९ अंशांच्या खोलीत तो ८२ वर थांबतो. पंख्याचा आवाज सहन होत नसेल, तर नवा कूलर जरूर घ्यावा, कारण मोठ्या फिनमुळे पंखा कमी वेगाने फिरून तेच काम करतो. पण प्रोसेसर जळेल या धास्तीने घेण्याचे कारण नाही.

रायझनबाबत एक मर्यादा लक्षात ठेवावी. ५८००एक्समध्ये उष्णता निर्माण होते ती जेमतेम ८० चौरस मिलिमीटरच्या तुकड्यातून. एवढ्याशा जागेतून उष्णता बाहेर काढणे हीच खरी अडचण असल्यामुळे एकेरी टॉवरवरून दुहेरीवर गेल्यास अपेक्षेपेक्षा कमी फरक पडतो. अशा प्रोसेसरला बायोसमधला (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डाच्या सेटिंगमधला) ईको मोड, म्हणजे वॅट कमी ठेवण्याची सोय, जास्त गुणकारी ठरतो.

पाण्यावर चालणारे बंद लिक्विड कूलर घ्यावेत का, असे विचारणारेही असतात. ते उष्णता रेडिएटरपर्यंत नेतात आणि शेवटी त्याच एकोणचाळीस अंशांच्या हवेत सोडतात. मोठा रेडिएटर असेल, तर आकडा लहान येतो हे खरे, पण त्यात पंप असतो आणि पंप कधीतरी बंद पडतो. एअर कूलरमध्ये बिघडण्याजोगा भाग पंखा एवढाच, आणि तो कोणत्याही दुकानात मिळतो. १५० वॅटपर्यंतच्या प्रोसेसरसाठी मी तरी लिक्विड कूलर सुचवणार नाही.

बसेल की नाही

मापांत घोळ झाला की कूलर परत पाठवावा लागतो, आणि दिल्लीच्या नेहरू प्लेसमधून रोखीने आणलेला कूलर परत करणे म्हणजे पुन्हा रेल्वेचे तिकीट काढणे. प्रोसेसरच्या वरच्या पृष्ठभागापासून कॅबिनेटच्या झाकणापर्यंतचे अंतर हे पहिले माप. डीपकूल एके४०० ची उंची १५५ मिमी, नॉक्टुआ एनएच-यू१२एस ची १५८, एनएच-डी१५ ची १६५. स्वस्त आणि अरुंद कॅबिनेटांत १५५ मिमीसुद्धा बसत नाही आणि झाकण अर्धा सेंटिमीटर फुगून राहते. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कूलरची कमाल उंची दिलेली असते. नसेल, तर पट्टी लावून मोजावी आणि पाच मिमी हातचे ठेवावेत.

दुसरे माप रॅमचे. साधी रॅम ३१ ते ३४ मिमी उंच असते, रंगीत दिवे असलेली चाळीसच्या वर जाते. दुहेरी टॉवरचा पुढचा पंखा रॅमच्या पट्ट्यांवर येतो. तो वर सरकवता येतो, पण तितकी कूलरची एकूण उंची वाढते आणि मग झाकण लागत नाही.

तिसरी बाब सॉकेटची, म्हणजे मदरबोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेची. इंटेलच्या एलजीए११५एक्स आणि एलजीए१२०० मध्ये छिद्रांमधील अंतर ७५ मिमी होते, एलजीए१७०० मध्ये ते ७८ मिमी झाले आणि प्रोसेसरची उंचीही थोडी कमी झाली. जुना कूलर ओढूनताणून नव्या बोर्डावर बसवल्यास तो बसल्यासारखा दिसतो आणि दाब मात्र पडत नाही. एलजीए१७०० साठीची वेगळी पट्टी मिळते, तीच वापरावी. एएमडीच्या एएम४ वरून एएम५ वर जाताना बहुतेक कूलर चालतात; अट एवढीच की ते बोर्डाची मूळ बॅकप्लेट (बोर्डामागची आधाराची पट्टी) वापरणारे हवेत, कारण एएम५ ची बॅकप्लेट सॉकेटलाच जोडलेली असून ती काढता येत नाही.

एएम४ वरचा जुना कूलर काढताना सरळ वर ओढू नये. या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि घट्ट झालेल्या पेस्टमुळे प्रोसेसर कूलरला चिकटून उपटून येतो, पिना वाकतात. संगणक दहा मिनिटे भाराखाली चालवून बंद करावा आणि पेस्ट मऊ असतानाच कूलर हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवत सुटा करावा. बसवताना जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसावी, मध्यभागी वाटाण्याच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवावी आणि स्क्रू कर्णरेषेत, दोन-दोन फेऱ्यांनी आळीपाळीने आवळावेत. पंख्याची हवा चौकटीच्या आधारपट्ट्या असलेल्या बाजूने बाहेर पडते. ती बाजू मागच्या एक्झॉस्ट पंख्याकडे असावी. वायर सीपीयू फॅन असे लिहिलेल्या जागीच लावावी, अन्यथा सुरू होताच पंख्याची चूक दाखवून संगणक थांबतो.

बायोसमधील काम

कूलरवर पैसे घालण्याआधी किंवा निदान त्याच दिवशी हे करावे. इंटेलच्या अनेक मदरबोर्डांवर पॉवर लिमिट, म्हणजे प्रोसेसरच्या वॅटची मर्यादा, कारखान्यातूनच ४०९५ वॅट, म्हणजे व्यवहारात अमर्याद ठेवलेली असते. बायोसमध्ये पीएल१ (दीर्घ भारासाठीची मर्यादा) आणि पीएल२ (थोड्या वेळापुरती मर्यादा) शोधून तेथे आपल्या कूलरला झेपेल तो आकडा टाकावा. जनकगंजातील त्या संगणकावर दुहेरी टॉवर बसवून दोन्ही मर्यादा १२५ केल्या. तोंडाशी ३८ अंश असताना प्रोसेसर ८० च्या आत राहू लागला आणि एक्स्पोर्टच्या वेळेत १८० वॅटच्या मानाने पडणारा फरक संपादन करणाऱ्याच्याही ध्यानात येण्याजोगा नव्हता. प्रोसेसरचे शेवटचे पाच-सात टक्के वेग मिळवण्यासाठीच सर्वांत जास्त वीज खर्च होते, म्हणून असे घडते. एएमडीवर ईको मोड हेच काम करतो. १०५ वॅटचा प्रोसेसर त्यात ८८ वॅटच्या मर्यादेत येतो. उन्हाळ्यापुरता तो लावून दसऱ्यानंतर काढणारे लोक मला ठाऊक आहेत आणि त्यात गैर काही नाही.

नवा टॉवर कूलर बसवल्यावर एक नवी तक्रार उद्भवू शकते. प्रोसेसर ७० अंशांवर असतो, तरीही वेग घसरतो. स्टॉक कूलर हवा खाली बोर्डावर सोडतो, त्यामुळे सॉकेटभोवतीच्या व्हीआरएमलाही (प्रोसेसरला योग्य दाबाची वीज पुरवणाऱ्या भागांनाही) वारा मिळत असे. टॉवर कूलर हवा आडवी मागे नेतो आणि तो वारा बंद होतो. एच६१० वर्गातील ज्या स्वस्त बोर्डांवर व्हीआरएमला हीटसिंक (उष्णता सोडणारा धातूचा ठोकळा) नसते तेथे हे हमखास जाणवते. एचडब्ल्यूइन्फोमध्ये व्हीआरएमच्या तापमानाची किंवा त्यासंबंधीच्या मर्यादेची नोंद ‘होय’ अशी दिसली, तर पॉवर लिमिट आणखी उतरवावी, किंवा कॅबिनेटच्या वरच्या भागात एक पंखा बसवून त्या कोपऱ्यात हवा खेळती ठेवावी. असा बोर्ड आणि आय७ ही जोडी मुळातच विजोड आहे, पण ती जमवून देणारे दुकानदार काही कमी नाहीत.

साफसफाई वर्षातून दोनदा पुरे: एकदा लू सुरू होण्यापूर्वी मार्चअखेर, एकदा पाऊस संपल्यावर. संगणक गच्चीत किंवा ओसरीवर न्यावा, पंखा क्लिपसह काढून फिन मोकळ्या कराव्यात आणि ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर ब्लोअरच्या झोताने पंखा त्याच्या क्षमतेपेक्षा जास्त वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. प्रति वॅट अंशांचा आकडा साफसफाईनंतर मोजून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला तारखेसह चिकटवून ठेवावा. पुढच्या मे महिन्यात तक्रार आली की पुन्हा मोजावा. तो तितकाच आला, तर खोली तापली आहे, आणि वाढलेला आला, तर झाकण उघडावे.